निझाम सर्किटातला भाग दुसरा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेले. तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात गेले, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. सरकारी कारभाराने ही वाटणी मानली, सिनेमाच्या बाजाराने मानली नाही. हिंदी चित्रपटाचे हक्क ज्या विभागांच्या हिशेबाने विकले जातात, त्यांत ‘निझाम’ नावाचा विभाग, म्हणजे सर्किट, पुढेही तसाच राहिला आणि त्यात तेलंगणाच्या जोडीने मराठवाडाही धरला गेला. निझामाची सत्ता सप्टेंबर १९४८मध्ये संपली, मराठवाड्यात जालना, लातूर, हिंगोली असे नवे जिल्हे झाले, २०१४मध्ये तेलंगणाचे वेगळे राज्य झाले. वितरकांच्या वहीतले नाव मात्र तेच. मुंबईत बनलेल्या मारधाडीच्या चित्रपटाचा मराठवाड्यातला हिशेब असा हैदराबादच्या खात्यात जमा होत राहिला.

नांदेड आणि लातूर ही शेजारची शहरे, पण त्यांची तोंडे दोन दिशांना. नांदेडवरून जाणारी मनमाड-हैदराबाद मीटरगेज लाईन निझामाच्या काळात, १९००च्या सुमारास सुरू झाली. आजही नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या एका विभागाचे ठाणे आहे आणि त्या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबादला. लातूरला १९११मध्ये पोचली ती बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी. ती कुर्डुवाडीहून यायची आणि कुर्डुवाडीहूनच तिचा दुसरा फाटा पंढरपूरला जायचा. लातूर स्थानक आज मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात मोडते. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या नांदेडच्या सीमेवरच्या तालुक्यांत तेलुगू बाजारात आणि घरांतही कानी पडते. लातूरचा व्यापारी आणि विद्यार्थी पुण्या-मुंबईची गाडी धरतो. रुळांचा हा फरक पडद्यापर्यंत कसा गेला, हे पुढे दिसेलच.

गाजलेल्या साहसपटाचा पुढचा भाग काढायचा, पहिल्याच्या पुण्याईवर तिकिटे विकायची आणि प्रेक्षकाने ‘पहिल्याची सर नाही’ म्हणत बाहेर पडायचे, हा काही मल्टिप्लेक्सच्या जमान्याचा शोध नव्हे. हा प्रघात ऐंशी वर्षांहून जुना आहे. बदलत गेल्या त्या दोन गोष्टी: निराशा गावात किती दिवसांनी पोचते, आणि तिचे पैसे कोणाच्या खिशातून जातात.

हिंदी सिनेमातला पहिला गाजलेला पुढचा भाग एका बाईच्या चाबकावर उभा होता. मेरी ॲन इव्हान्स ही ऑस्ट्रेलियातल्या पर्थची मुलगी. वाडिया मूव्हीटोनने तिला ‘फिअरलेस नादिया’ केले आणि होमी वाडियांनी १९३५मध्ये तिला घेऊन ‘हंटरवाली’ काढला. बुरखा घालून घोड्यावरून दौडणारी, पुरुषांना चाबकाने फोडून काढणारी राजकन्या विकत घ्यायला वितरक तयार होईनात, तेव्हा वाडिया बंधूंनी चित्रपट स्वतःच लावला आणि तो आठवडेच्या आठवडे चालला. नंतरच्या स्टंटपटांत नादियाच्या घोड्यालाही ‘पंजाब का बेटा’ म्हणून नाव मिळाले. १९४३मध्ये होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सने ‘हंटरवाली की बेटी’ आणला. हंटरवाली म्हणून गाजलेली नादिया या वेळी तिचीच मुलगी झाली होती. हा चित्रपटही चालला, आणि धंद्याला एक युक्ती सापडली: गोष्ट पुढे न्यायचीच असे नाही, नाव आणि चेहरा पुढे नेला तरी भागते.

या युक्तीचा पुरेपूर वापर ‘झिंबो’ने केला. होमी वाडियांनीच १९५८मध्ये आझाद या नटाला घेऊन हा देशी टारझन रंगीत पडद्यावर आणला. मग १९६०मध्ये ‘झिंबो कम्स टू टाऊन’ आणि १९६६मध्ये ‘झिंबो फाइंड्स अ सन’. या दोन्हींचे दिग्दर्शक जॉन कावस. १९३७च्या ‘तुफानी टारझन’चा नायकही तेच होते. नावेसुद्धा हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीच्या वाटेने आली होती. तिथे जॉनी वाइसमुलरच्या टारझनला १९३९मध्ये मुलगा सापडला होता आणि १९४२मध्ये तो न्यूयॉर्कला जाऊन आला होता. जंगलातला माणूस शहरात आणायचा, मग त्याला पोर द्यायचे. नवे काही सुचेनासे झाले की नायकाचे कुटुंब वाढवायचे, हा तोडगा तेव्हापासूनचा.

असे चित्रपट मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत पोचवले ते टूरिंग टॉकीजने. कापणी-मळणी झाली, हातात चार पैसे आले की जत्रांचा हंगाम सुरू व्हायचा आणि ट्रकवर प्रोजेक्टर, कनाती, खांब, जनरेटर लादून तंबू गावोगाव निघायचे. नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यातले माळेगाव हे या हंगामाचे मोठे ठिकाण. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा बाजार, तमाशाचे फड, पाळणे, आणि त्यांच्या शेजारी सिनेमाचा तंबू. पावसाळ्यात तंबू गुंडाळलेले असत, कारण ओल्या जमिनीवर प्रेक्षक बसवता येत नाही.

तंबूतला सिनेमा मुळात जमिनीवर बसून बघायचा. काही तंबूंत पडदा मधोमध टांगलेला असे आणि प्रेक्षक दोन्ही बाजूंना. उलट्या बाजूला बसणाऱ्याला पाटीवरची अक्षरे उलटी दिसत आणि नायक डाव्या हाताने ठोसे मारताना दिसे. रीळ बदलताना अंधार, शिट्ट्या, भोंग्यावरून पुढच्या खेळाची हाळी. अशा ठिकाणी लांब संवादांचा सामाजिक चित्रपट टिकाव धरत नसे. दारासिंगची कुस्ती, तलवारबाजी, घोडदौड, राक्षस, नागीण हे चालत असे. भाषा अर्धी कळली तरी मार पुरता कळत होता, आणि नांदेडकडच्या माणसाला तर दखनी वळणाची हिंदी परकी नव्हतीच.

तंबूवाल्याकडे प्रिंट यायची ती शहरांतून झिजून आलेली. ओरखडे, तुटलेले सांधे, मधली गायब झालेली गाणी. भाड्याला परवडेल ती प्रिंट तो आणायचा. पहिला भाग आधी आणि दुसरा नंतर, असा क्रम पाळण्याची चैन त्याला शक्य नव्हती. झिंबो शहरात आला त्या जत्रेत तो मुळात जंगलात का होता, हे विचारणारा कोणी नव्हता. दुसरा भाग म्हणजे निराशा, हे समीकरण इथे बसतच नाही, कारण तुलनेला पहिला भाग हाताशी नसे. आणि खेळ रंगला नाही तर उपाय सोपा होता: उद्या रात्री दुसरे डबे उघडायचे. नुकसान झालेच तर एका रात्रीचे, एका तंबूचे.

पक्क्या टॉकीजमध्ये मात्र हिशेब वेगळा होता. निर्माता विभागवार हक्क विकतो. वितरक त्याला ठरलेली किमान रक्कम देतो, धंद्याच्या भाषेत एमजी. ती वसूल व्हावी म्हणून तो टॉकीजवाल्यांकडून आगाऊ रक्कम उचलतो. चित्रपट चालला तर सगळे खूश. पडला तर शेवटच्या टोकाला बसलेल्या टॉकीजवाल्याची आगाऊ रक्कम अडकते. पुढच्या भागात ही साखळी जास्त ताणली जाते, कारण त्याची किंमत त्याच्या स्वतःच्या गुणांवर ठरत नाही. ती पहिल्याच्या कमाईवर ठरते, आणि तीही चित्रपट कोणी बघायच्या आधी.

प्रिंटची संख्या मोजकी असे. पत्र्याच्या डब्यांतली ती रिळे आधी मुंबई, हैदराबाद, पुणे अशा शहरांत फिरत, मग जिल्ह्याच्या गावी येत, मग तालुक्याला. या उशिराचा एक फायदा होता. चित्रपट गावात येण्याआधी त्याची कीर्ती किंवा अपकीर्ती येऊन पोचलेली असे. सुट्टीला आलेला कॉलेजातला मुलगा, मालाला गेलेला व्यापारी, लग्नाला आलेले पाहुणे, कोणीतरी सांगितलेलेच असे. म्हणजे निराशा आधी आणि प्रिंट मागून. टॉकीजवाल्यालाही घासाघीस करायला तेवढी सवड मिळे.

१९८६च्या ‘नगीना’चे उदाहरण या काळाचा नमुना म्हणून पुरते. हरमेश मल्होत्रांचा हा चित्रपट श्रीदेवीची इच्छाधारी नागीण आणि अमरीश पुरींचा गारुडी बाबा यांच्या टकरीवर उभा होता आणि त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या यशांत त्याची गणना झाली. १९८९मध्ये त्याच दिग्दर्शकाने ‘निगाहें’ आणला आणि शीर्षकातच ‘नगीना भाग दोन’ असे सांगून टाकले. श्रीदेवी होती, पण ऋषी कपूरच्या जागी सनी देओल आला आणि बाबाच्या जागी अनुपम खेर. पहिल्याचे यश त्याला लाभले नाही. श्रीदेवी हे पहिल्याचे आकर्षण होते हे खरे. पण तिच्यासमोर पुंगी घेऊन उभा असलेला अमरीश पुरींचा माणूस निम्मा खेळ होता, हे दुसऱ्यात तो नसल्यावर लक्षात आले. १९६७च्या ‘ज्वेल थीफ’चा पुढचा भाग तर तब्बल २९ वर्षांनी, १९९६मध्ये ‘रिटर्न ऑफ ज्वेल थीफ’ म्हणून आला. देव आनंद आणि अशोक कुमार दोघेही त्यात होते. विजय आनंदांचे दिग्दर्शन आणि सचिनदेव बर्मनांचे संगीत नव्हते, आणि तो आला कधी नि गेला कधी हे फारसे कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

अमरीश पुरींचे नाव निघाले की साहसपटाच्या मालिकेतले आणखी एक प्रकरण आठवते. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ नंतर इंडियाना जोन्सचा दुसरा चित्रपट, ‘टेंपल ऑफ डूम’, १९८४मध्ये आला. गोष्ट १९३५च्या भारतात घडते आणि पुरी त्यात नरबळी देणारा मोलाराम झाले होते. पटकथेतले भारताचे चित्रण सरकारला आक्षेपार्ह वाटले, परवानगीचे जमेना, म्हणून चित्रीकरण श्रीलंकेत कँडीजवळ हलवले गेले. पुढे भारतात त्या चित्रपटावर काही काळ बंदीही होती. त्याच पुरींना ‘मिस्टर इंडिया’च्या मोगँबोने १९८७मध्ये घराघरांत नेले. ‘मिस्टर इंडिया’च्या पुढच्या भागाची चर्चा मात्र वर्षानुवर्षे नुसती चर्चाच राहिली.

इंग्रजी साहसपट जिल्ह्याच्या गावी खऱ्या अर्थाने पोचले ते १९९४नंतर. ‘जुरासिक पार्क’ हिंदी बोलू लागला आणि डायनोसॉर बघायला इंग्रजी यायची गरज उरली नाही. त्या पाठोपाठ डब चित्रपटांची रीघ लागली. ‘द ममी’ (१९९९) आणि ‘द ममी रिटर्न्स’ (२००१) हे त्यातले खास लाडके. वाळूत उमटणारा चेहरा, माणसे पोखरणारे किडे, मधेच विनोद, म्हणजे जत्रेतल्या तंबूला शोभणारा मसाला, फक्त भारी खर्चात. २००८मध्ये तिसरा भाग आला तेव्हा दिग्दर्शक बदललेला होता, नायिका रेचल वाइझऐवजी मारिया बेलो होती आणि इजिप्तची ममी सोडून गोष्ट चीनच्या सम्राटाकडे गेली होती. जेट ली असूनही त्या मालिकेची जादू ओसरली. ‘नगीना’ला जे झाले तेच इथे झाले: शीर्षक तेच ठेवून माणसे बदलली.

मराठीत हेच एका बाहुल्याच्या बाबतीत झाले, तात्या विंचूच्या. महेश कोठारेंनी १९९३मध्ये ‘झपाटलेला’ काढला. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’ची होती, पण रामदास पाध्येंनी घडवलेला बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि लक्ष्मीकांत बेर्डेंची घाबरगुंडी यांनी त्याला इतके मराठी करून टाकले की मूळ कोणी शोधत बसले नाही. भीती, विनोद, पोलिसांची मारामारी सगळे एकत्र. बेर्डे डिसेंबर २००४मध्ये गेले. ७ जून २०१३ रोजी ‘झपाटलेला २’ आला तो थ्रीडीत. मराठीत थ्रीडीचा हा पहिलाच प्रयोग. आदिनाथ कोठारे, सोनाली कुलकर्णी आणि मराठवाडी बोलीला पडद्यावर मान मिळवून देणारे मकरंद अनासपुरे, अशी मंडळी होती. बाहुला अंगावर आला तरी प्रेक्षकाची नजर बेर्डेंच्या लक्ष्याला शोधत राहिली. दूरचित्रवाणीवर आजही पुन्हा पुन्हा लागतो तो पहिलाच.

याच काळात रिळाचे डबे गेले. यूएफओ मूव्हीजसारख्या कंपन्यांनी २००५पासून उपग्रहावरून थेट टॉकीजमध्ये चित्रपट पाठवायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत फिल्म प्रिंट हद्दपार झाली. मुंबईला शुक्रवारी सकाळी लागलेला खेळ त्याच तासाला नांदेडला लागू लागला. आधी ऐकून मग बघण्याची सवड संपली. भाग दुसरा कसा आहे हे आता नांदेडच्या पहिल्या खेळालाच मुंबईइतकेच ताजे कळते, आणि इंटरव्हलपर्यंत गावभर झालेले असते. घासाघीस करायला टॉकीजवाल्याला एक दुपारही मिळत नाही.

लातूरच्या वाट्याला या नव्या चालीत एक खास अध्याय आला, कारण नायक घरचा होता. रितेश देशमुख लातूरचे. वडील विलासराव बाभळगावचे, दोन वेळा राज्याचे मुख्यमंत्री, ऑगस्ट २०१२मध्ये निधन पावलेले. रितेश यांची हिंदीतली वाटचाल बघितली तर ती दुसऱ्या-तिसऱ्या भागांनीच भरलेली दिसते. ‘मस्ती’, ‘धमाल’ आणि ‘हाउसफुल’ या तीनही मालिकांत ते आहेत. मालिका कशी चढते आणि कशी घसरते याचा इतका अनुभव फार थोड्या नटांना असेल. २०१३चा ‘ग्रँड मस्ती’ धो धो चालला आणि २०१६चा ‘ग्रेट ग्रँड मस्ती’ प्रदर्शनाआधीच इंटरनेटवर फुटून आपटला.

११ जुलै २०१४ रोजी त्यांचा नायक म्हणून पहिला मराठी चित्रपट आला, ‘लय भारी’. दोनच आठवड्यांपूर्वी ‘एक व्हिलन’मध्ये त्यांनी खून पाडणारा खलनायक रंगवला होता, त्यामुळे विनोदी नट ही ओळख आधीच हललेली होती. दिग्दर्शक निशिकांत कामत, कथा साजिद नाडियादवालांची, संगीत अजय-अतुल, समोर शरद केळकरांचा संग्राम, आणि सलमान खान पाहुणा. नवसाने झालेली जुळी मुले, त्यातला एक विठ्ठलाच्या पायी वाढतो. हा सगळा साचा सत्तरीतल्या हिंदी मसाल्याचा, पण कपाळी बुक्का लावलेला. तारीखही अशी की आषाढी एकादशी ९ जुलैला होऊन गेली होती. वारकरी परतीच्या वाटेला लागत असताना पडद्यावर माउलीचा गजर सुरू झाला. त्या वेळपर्यंतच्या मराठी चित्रपटांत त्याची कमाई विक्रमी ठरली. पंढरपूरशी शतकाहून जुने रुळांचे नाते असलेल्या लातूरला यातले काही समजावून सांगावे लागले नाही.

साडेचार वर्षांनी, १४ डिसेंबर २०१८ रोजी ‘माउली’ आला. कागदोपत्री तो ‘लय भारी’चा पुढचा भाग नव्हता. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, लेखक क्षितिज पटवर्धन, गोष्ट वेगळी. पण नायक तोच, संगीतकार तेच, नायकाचे नाव पुन्हा माउली, आणि तेच नाव आता शीर्षकावर. प्रेक्षकाने त्याला भाग दुसरा म्हणूनच मोजले, आणि त्याला तसे मोजू नका असे सांगण्याइतकी जाहिरात भाबडी नव्हती. ‘हंटरवाली की बेटी’पासून चालत आलेलीच ही युक्ती: गोष्ट नाही, नाव पुढे न्यायचे.

‘माउली’त नायक पोलीस इन्स्पेक्टर झाला. गावात बदली, तिथला गुंड जितेंद्र जोशींचा, नायिका सैयामी खेर. गुंडाला वर्दीतला माणूस हरवतो यात मारामारीला जागा भरपूर होती. हरवले ते दुसरे काही. ‘लय भारी’तला माउली पंढरपुरात वाढलेला साधा माणूस होता, त्याच्या मागे आईचा नवस होता, आणि त्याचा राग त्या नवसातून येत होता. वर्दीतल्या माउलीला राग येण्यासाठी नवसाची गरज नव्हती, शासनाचा पगार पुरेसा होता. आषाढीही जवळपास नव्हती. डिसेंबरात मराठवाड्यातला माणूस विठ्ठलाकडे नाही, माळेगावच्या खंडोबाकडे निघालेला असतो. शिवाय बाजारात पोलीस हिरोंची गर्दी झालेली होती. पंधरा दिवसांतच, २८ डिसेंबरला, रोहित शेट्टींचा ‘सिंबा’ आला. त्यात रणवीर सिंगचा संग्राम भालेराव मराठी ठेक्यात बोलत, मराठी नटांच्या घोळक्यात, हीच वर्दी हिंदीच्या खर्चात मिरवत होता. ‘माउली’ला ‘लय भारी’ची उंची गाठता आली नाही.

मधला शुक्रवार त्याहून बोलका ठरला. २१ डिसेंबर २०१८ रोजी शाहरुख खानचा ‘झीरो’ आणि यशचा ‘केजीएफ’ एकाच दिवशी लागले. कन्नड चित्रपट हिंदी, तेलुगू, तमिळ, मल्याळम अशा आवाजांत आला आणि नावातच ‘चॅप्टर १’ लिहून आला. आपण अर्धी गोष्ट देतोय हे त्याने दारातच सांगितले. तीन वर्षे आधी ‘बाहुबली’ने हेच केले होते. १० जुलै २०१५चा पहिला भाग कटप्पाच्या वारावर थांबला आणि २८ एप्रिल २०१७ला लोक त्या वाराचे कारण घ्यायला आले. ‘केजीएफ २’ एप्रिल २०२२मध्ये, ‘पुष्पा’ डिसेंबर २०२१ आणि ‘पुष्पा २’ डिसेंबर २०२४मध्ये, सगळ्यांची चाल तीच. हिंदी-मराठीतला दुसरा भाग संपलेली गोष्ट पुन्हा उघडतो. दक्षिणेकडून आलेल्या या चित्रपटांनी गोष्ट संपवलीच नव्हती. नांदेडसारख्या गावात, जिथे हिंदी आणि तेलुगू एकाच बाजारात बोलली जाते, ते परके म्हणून आले नाहीत. रुळांची जुनी दिशा इथे कामाला आली.

ही चालही बिनचूक नव्हे. शंकरचा ‘इंडियन’ १९९६चा. कमल हासनचा म्हातारा सेनापती हिंदी प्रेक्षकांनाही ‘हिंदुस्तानी’ म्हणून ठाऊक होता. ‘इंडियन २’ जुलै २०२४मध्ये आला आणि साफ पडला. १४ ऑगस्ट २०२५चा ‘वॉर २’ तर निझाम विभागासाठीच बेतल्यासारखा होता. २०१९चा ‘वॉर’ हा त्या वर्षीचा सर्वाधिक कमाईचा हिंदी चित्रपट. त्यातला हृतिक रोशन कायम ठेवून टायगर श्रॉफच्या जागी तेलुगूतला ज्युनिअर एनटीआर आणला, म्हणजे हिंदीचा पडदा आणि तेलुगूचा प्रेक्षक एकाच तिकिटावर. दिग्दर्शनाची सूत्रे सिद्धार्थ आनंदकडून अयान मुखर्जीकडे गेली. समोर त्याच दिवशी रजनीकांतचा ‘कुली’. पहिल्या ‘वॉर’ची बरोबरी तर दूरच, अपेक्षेच्या जवळपासही तो पोचला नाही. दोन भाषांचे प्रेक्षक एकत्र बोलावता आले, पण त्यांना द्यायला पहिल्यातला कबीर-खालिदचा गुरू-चेल्याचा पेच उरला नव्हता.

रितेश देशमुखांनी ‘माउली’नंतर त्या नावाचा तिसरा चित्रपट काढला नाही. ३० डिसेंबर २०२२ रोजी त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट आला, ‘वेड’. अजय-अतुल होते, सलमान एका गाण्यात होता, आणि पत्नी जिनिलिया यांचे मराठीतले नायिका म्हणून पदार्पण होते. मारधाड बेताची, प्रेमकथा मुख्य. मराठीतल्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत त्याची जागा लागली. त्याची गोष्ट २०१९च्या ‘मजिली’ची, म्हणजे नाग चैतन्य आणि समंथाच्या तेलुगू चित्रपटाची. लातूरच्या नटाने यशाची वाट नांदेडच्या दिशेला शोधली होती, आणि शीर्षकात ना जुने नाव होते ना दोनचा आकडा.